पदवी आणि मोजमाप : महाराष्ट्रातील भौतिकशास्त्राच्या पदवी-शिक्षणाचा एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

भौतिकशास्त्र विषय घेऊन बी. एस्सी. झालेल्या विद्यार्थ्याला त्या पदवीतून नेमके काय मिळाले पाहिजे, हा प्रश्न अभ्यासमंडळांसमोर दर काही वर्षांनी येतो. त्याचे उत्तर बहुधा घटकांच्या यादीने दिले जाते. एक प्रकरण वाढते, दुसरे वगळले जाते, श्रेयांकांची मांडणी बदलते आणि नवा अभ्यासक्रम लागू होतो. विद्यार्थ्याला काय शिकवावे याची चर्चा विपुल झाली. परंतु तीन वर्षांनंतर त्याच्यापाशी काय उरावे, याची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली आहे.

गंगाखेडसारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न अधिक निकडीचा ठरतो. गोदावरीच्या काठी वसलेल्या, संत जनाबाईंच्या या गावाच्या परिसरातून विज्ञान शाखेकडे येणारा विद्यार्थी बहुधा शेतकऱ्याच्या किंवा शेतमजुराच्या घरातला असतो. वैद्यकीय अथवा अभियांत्रिकीचा प्रवेश हुकल्यामुळे बी. एस्सी.ला आलेल्यांची संख्या मोठी असते. पदवीनंतर थोडे जण एम. एस्सी.कडे वळतात, इतर बी. एड., स्पर्धा परीक्षा, भरतीच्या परीक्षा किंवा शेती यांकडे जातात. यांपैकी बहुतेकांना पुढील आयुष्यात श्रोडिंजरचे समीकरण सोडवावे लागणार नाही. मग भौतिकशास्त्राच्या पदवीने त्यांना काय दिले, असे विचारले तर आपल्याला समाधानकारक उत्तर देता आले पाहिजे.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार इतिहासाच्या अंगाने केला आहे. महाराष्ट्रात या विषयाचे अध्यापन सुरू झाले तेव्हा शिकणे आणि मोजणे ही कामे परस्परांच्या निकट होती. विद्यापीठीय परीक्षापद्धतीमुळे ती दुरावली आणि त्यानंतरच्या सुधारणांना हे अंतर पुरतेपणी बुजवता आले नाही, असे येथे प्रतिपादन केले आहे.

पदार्थविज्ञानाचा आरंभ : वेधशाळा आणि वर्ग

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आज आपण ज्याला भौतिकशास्त्र म्हणतो त्याला मराठीत ‘पदार्थविज्ञान’ म्हणत. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत १८३४ साली साहाय्यक प्राध्यापक झालेले ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर आणि त्यांचे शिष्य केरो लक्ष्मण तथा केरूनाना छत्रे (१८२५-१८८४) ही या परंपरेतील आद्य नावे होत. केरूनानांचे शिक्षण या विषयाच्या संदर्भात विशेष बोधप्रद आहे. तरुण वयातच ते कुलाबा वेधशाळेत कामाला लागले. या वेधशाळेची इमारत ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभारली होती आणि १८४१ पासून तेथे चुंबकीय व वातावरणविषयक निरीक्षणे नियमितपणे घेतली जाऊ लागली. या कामाची धुरा ज्यांच्याकडे होती ते आर्थर बेडफर्ड ऑर्लिबार हे एल्फिन्स्टनमधील प्राध्यापकही होते. वर्गात निसर्गनियम शिकवणारी व्यक्ती आणि वेधशाळेत सुईचे विचलन टिपून घेणारी व्यक्ती एकच होती, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावयाची आहे.

केरूनाना पुढे पुण्यास गेले, तेथे गणित व पदार्थविज्ञानाचे अध्यापक झाले आणि त्यांनी लोकमान्य टिळकांसारखे विद्यार्थी घडवले. त्यांनी पदार्थविज्ञानावर मराठीत पाठ्यपुस्तक लिहिले आणि ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ १८६० साली सिद्ध केला. आकाशातील ग्रहाची प्रत्यक्ष स्थिती पंचांगातील गणिताशी जुळत नसेल तर गणित दुरुस्त केले पाहिजे, ही भूमिका त्यांनी पंचांगशोधनाच्या कामात घेतली. गणित व निरीक्षण यांचा मेळ बसला नाही तर निरीक्षणाला मान द्यावयाचा, ही शिस्त वेधशाळेतील होती. ज्याला पदवी म्हणतात ती त्यांच्याजवळ नव्हती. परंतु पदवीने जे द्यावे ते त्यांच्याजवळ होते.

या शिस्तीचे मोल किती असते, याचे उदाहरण त्याच वेधशाळेच्या इतिहासात सापडते. १८५९ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या आरंभी सूर्यावरील उद्रेकामुळे पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झाले. केरूनाना तेव्हा वेधशाळेत नव्हते; परंतु तेथील निरीक्षकांनी आपले काम चोख केले. त्यांनी लिहून ठेवलेल्या आकड्यांवरून २००३ साली संशोधकांनी त्या वादळाची तीव्रता निश्चित केली. कुलाब्यात चुंबकीय क्षेत्राची घट सुमारे १६०० नॅनोटेस्ला इतकी नोंदली गेली होती. नोंद करणाऱ्यांना नॅनोटेस्ला हे एकक ठाऊक नव्हते आणि सौर वादळांचा सिद्धान्तही उपलब्ध नव्हता. जे दिसले ते वेळेसह लिहावयाचे, एवढेच त्यांनी केले. त्यामुळे दीडशे वर्षांनंतरही त्यांचे आकडे विश्वासार्ह ठरले.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम धावणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या विद्युत्प्रवाहामुळे कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणे दूषित होतील हे ओळखून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी अलिबाग येथे पर्यायी जागा निवडली. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेण्यात आली आणि मगच कुलाब्याचे काम थांबले. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली सुरू झाली. दोन ठिकाणची मापे आधी एकमेकांशी पडताळून पाहावयाची आणि नंतरच जुने उपकरण सोडावयाचे, हा भौतिकशास्त्राचा धडा कोणत्याही प्रश्नपत्रिकेत दिसत नाही. पण हा विषय शिकलेल्या माणसाकडून आपण त्याचीच अपेक्षा करतो.

परीक्षा घेणारे विद्यापीठ

१८५४ च्या वुडच्या खलित्यानुसार १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. त्याचा नमुना लंडन विद्यापीठाचा होता. महाविद्यालयांनी शिकवावे, विद्यापीठाने परीक्षा घ्यावी आणि पदवी द्यावी, अशी ती रचना होती. या रचनेचे लाभ नाकारण्याचे कारण नाही. दूरच्या गावातील विद्यार्थ्यालाही मुंबईतील विद्यार्थ्याच्याच कसोटीला बसता आले आणि जन्माने नव्हे तर गुणांनी पात्रता ठरू लागली. विज्ञानाची स्वतंत्र पदवी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात आली, १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने संलग्नतेच्या अटी कडक केल्या आणि मुंबईतील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे काम १९२० साली सुरू झाले.

तथापि या रचनेचा एक परिणाम भौतिकशास्त्रावर विशेषत्वाने झाला. दूरवरून तपासता येईल असेच ज्ञान परीक्षेत महत्त्वाचे ठरले. सिद्धता, व्याख्या आणि सोडवलेली उदाहरणे उत्तरपत्रिकेत लिहिता येतात. एखादे माप घेताना विद्यार्थ्याने कोणती काळजी घेतली, विसंगत आकडा आला तेव्हा त्याने काय केले, हे उत्तरपत्रिकेत उमटत नाही. प्रात्यक्षिक परीक्षा होती. परंतु तीही ठरावीक वेळात ठरावीक उत्तर काढण्याची परीक्षा बनली. शिकवणे आणि मोजणे ही कामे एकाच शिक्षकाच्या दिनचर्येतून सुटी झाली.

अपवाद अर्थातच घडले. चंद्रशेखर व्यंकट रामन मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात शिकत असताना स्पेक्ट्रोमीटरवर लोलकाचा कोन मोजत होते. अपेक्षित प्रतिमेबरोबर त्यांना काही असममित पट्टे दिसले. ते त्यांनी दुर्लक्षिले नाहीत आणि त्यावरील त्यांचा लेख १९०६ साली ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा त्यांचे वय अठरा वर्षांचे होते. लोलकाचा कोन मोजण्याचा तो प्रयोग आजही पदवीच्या प्रात्यक्षिकांत आहे. उपकरण तेच, कृतीही तीच. परंतु उत्तर मिळाले की वही बंद करावयाची सवय आपण विद्यार्थ्यांना लावली आहे.

मराठवाड्याची वेगळी वाट

मराठवाड्याचा इतिहास मुंबई-पुण्याहून भिन्न आहे. हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले आणि त्याने उर्दू हे उच्च शिक्षणाचे माध्यम स्वीकारले. विज्ञानाची पुस्तके उर्दूत आणण्यासाठी ‘दार-उल-तर्जुमा’ हे भाषांतर कार्यालय उभारण्यात आले. देशी भाषेतून पदवीपर्यंतचे विज्ञान शिकवण्याचा हा प्रयोग शैक्षणिक दृष्टीने धाडसी होता. परंतु मराठवाड्यातील बहुसंख्य विद्यार्थ्यांची घरची भाषा मराठी होती. १९२३ साली औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू झाले, तरी परभणी जिल्ह्यातील मुलाला त्याचा लाभ घेण्यासाठी घर सोडावे लागे आणि भाषाही बदलावी लागे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. त्यानंतर उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दूऐवजी इंग्रजी झाले. म्हणजे ज्या पिढीने बलशास्त्राच्या संज्ञा उर्दूत पाठ केल्या होत्या, तिच्या धाकट्या भावंडांना त्या इंग्रजीत पाठ कराव्या लागल्या. मराठीत विचार करून मराठीत स्पष्टीकरण देण्याची संधी दोघांनाही मिळाली नाही. मुंबई-पुण्याकडे केरूनानांपासूनची परंपरा होती. प्रा. गो. रा. परांजपे यांच्यासारखे भौतिकशास्त्रज्ञ १९२८ साली सुरू झालेल्या ‘सृष्टिज्ञान’ मासिकाच्या उभारणीत होते. मराठवाड्यात असा दुवा फार उशिरा निर्माण झाला.

स्वातंत्र्यानंतर मात्र येथील शिक्षणाने वेग घेतला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकाराने त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. त्याचे पहिले कुलगुरू सुं. रा. डोंगरकेरी हे मुंबई विद्यापीठाचे माजी कुलसचिव व त्या विद्यापीठाच्या शंभर वर्षांचे इतिहासकार होते. नव्या विद्यापीठाला अनुभवी प्रशासक लाभला. त्याचबरोबर संलग्नता आणि परीक्षा यांची जुनी रचनाही नव्या प्रदेशात रुजली. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन होऊन परभणी जिल्हा त्याच्या कक्षेत आला. विद्यापीठ जवळ आले आणि महाविद्यालये तालुक्यांपर्यंत पोहोचली. ज्या घरांत पूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते, त्या घरांतील मुली आज प्रयोगशाळेत उभ्या आहेत. या यशाचे मोल कमी लेखता येणार नाही. प्रश्न एवढाच की, प्रयोगशाळेत पोहोचल्यावर त्यांना काय मिळते?

सुधारणांचे प्रयत्न

हे अंतर कोणाच्याच लक्षात आले नाही असे नव्हे. १९६४-६६ च्या शिक्षण आयोगाचे अध्यक्ष दौलतसिंह कोठारी हे स्वतः भौतिकशास्त्रज्ञ होते आणि सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर भागातले. विज्ञानशिक्षणाच्या गुणवत्तेवर या आयोगाने भर दिला. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७० साली महाविद्यालयीन विज्ञानशिक्षण सुधारण्याची ‘कोसिप’ योजना आणली. १९७४ मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. प्रा. भा. मा. उदगावकर आणि प्रा. वि. गो. कुलकर्णी यांच्यासारख्या भौतिकशास्त्रज्ञांनी शालेय विज्ञानाकडे लक्ष वळवले आणि जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात ग्रामीण शाळांसाठी काम झाले. १९८४ साली भौतिकशास्त्र शिक्षकांची देशव्यापी संघटना उभी राहिली. अलीकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांच्या पदवीची रचना आली आणि तिच्यात संशोधन प्रकल्पाला जागा मिळाली.

या सर्व प्रयत्नांनी उपकरणे आणली, शिक्षकांना प्रशिक्षण दिले, अभ्यासक्रम अद्ययावत केला. परंतु विद्यार्थ्याच्या प्रात्यक्षिक वहीत काय लिहिले जाते आणि त्याला गुण कशासाठी दिले जातात, या ठिकाणी सुधारणा बहुधा थांबली. धोरण बदलले तरी वही तशीच राहिली. म्हणून आता त्या वहीकडेच पाहणे आवश्यक आहे.

लंबकाचा आकडा

साध्या लंबकाच्या साहाय्याने गुरुत्व त्वरण काढण्याचा प्रयोग प्रत्येक महाविद्यालयात होतो. वहीत उत्तर बहुधा ९.८ किंवा ९.८१ मीटर प्रति सेकंद वर्ग असे असते. दुसऱ्या उत्तराचा थोडा विचार करू. गुरुत्व त्वरण अक्षांशानुसार बदलते, ९.८१ हे मूल्य सुमारे ४५ अंश अक्षांशाजवळचे आहे. गंगाखेड सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. अक्षांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांचा हिशेब केला तर येथील मूल्य ९.७८ ते ९.७९ च्या दरम्यान येते. म्हणजे वहीतील ९.८१ हा आकडा बहुधा गंगाखेडच्या लंबकाचा नसतो, तो पुस्तकातून आलेला असतो.

यावर उपाय म्हणून विद्यार्थ्याला ९.७८ लिहावयास सांगणे हीदेखील तीच चूक होईल. एक मीटर लांबीच्या लंबकाची २० आंदोलने सुमारे ४० सेकंदांत होतात. स्टॉपवॉच दाबण्यात ०.२ सेकंदाचा फरक पडू शकतो, म्हणजे अर्धा टक्का. सूत्रात काळाचा वर्ग असल्याने उत्तरातील अनिश्चितता एक टक्का होते. तेव्हा या प्रयोगाचे प्रामाणिक उत्तर ९.८ अधिक-उणे ०.१ असे आहे. या मोजमापाने ९.७८ आणि ९.८१ यांत निवड करता येत नाही. हे ज्याला कळले त्याला भौतिकशास्त्राचा एक मोठा भाग कळला.

पुढची पायरी याहून रंजक आहे. २० ऐवजी २०० आंदोलने मोजली तर वेळ सुमारे ४०० सेकंद होतो, तोच ०.२ सेकंदाचा फरक आता ०.०५ टक्का उरतो. लांबी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत मोजली आणि आंदोलनाचा कोन लहान ठेवला, तर उत्तरातील अनिश्चितता सुमारे ०.०१ पर्यंत खाली येते. आता गंगाखेडचा लंबक आणि पुस्तकातील आकडा यांत फरक आहे की नाही, हे विद्यार्थी स्वतः ठरवू शकतो. त्यासाठी दोरा, गोळा, मोजपट्टी, घड्याळ आणि काही मिनिटांचा संयम एवढेच लागते. यासाठी नव्या अनुदानाची गरज नाही. गुण उत्तराला द्यावयाचे की उत्तरापर्यंतच्या वाटेला, याचा निर्णय मात्र करावा लागेल.

औंढ्याची वेधशाळा

हा विचार केवळ शाळकरी काटेकोरपणाचा नाही, हे आपल्या शेजारीच सिद्ध होणार आहे. १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्याचा भाग असलेल्या आजच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ दुधाळा परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा नियोजित आहे. तिला केंद्र सरकारने २०१६ साली तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मान्यता दिली. पुण्याची ‘आयुका’ ही तिच्या भागीदार संस्थांपैकी एक आहे. इंग्रजी एल अक्षराच्या आकाराच्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांब भुजांमध्ये लेसर किरण पाठवून त्यांच्या व्यतिकरणातून लांबीतील बदल मोजावयाचा, हे तिचे तत्त्व आहे. पदवीच्या वर्गात शिकवला जाणारा मायकेलसनचा व्यतिकरणमापी तो हाच. मात्र येथे मोजावयाचा बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे एक हजारांश इतका सूक्ष्म आहे.

असे माप घेताना सर्वांत कठीण प्रश्न असतो तो स्वतःच्या आकड्यावर किती विश्वास ठेवावा हा. २०१० साली अमेरिकेतील लायगोच्या निरीक्षणांत वैज्ञानिकांच्या एका लहान गटाने इतरांना न सांगता एक बनावट संकेत मिसळला होता. संपूर्ण चमूने त्याचे विश्लेषण केले, शोधनिबंधाचा मसुदाही तयार केला आणि त्यानंतर तो संकेत कृत्रिम असल्याचे उघड करण्यात आले. आपली पद्धत खऱ्या संकेताच्या वेळी फसणार नाही ना, याची ती परीक्षा होती. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली खरी गुरुत्वीय लहर सापडली तेव्हा जगाने तिच्यावर विश्वास ठेवला, त्यामागे ही शिस्त होती.

औंढ्याच्या वेधशाळेत आपल्या परिसरातील मुले कोणत्या नात्याने जातील? जमिनीचे मालक म्हणून, सहलीचे प्रेक्षक म्हणून, सुरक्षारक्षक म्हणून, की उपकरणापाशी बसणारे तंत्रज्ञ आणि संशोधक म्हणून? याचे उत्तर दुधाळ्यात ठरणार नाही. ते परभणी, हिंगोली, गंगाखेड येथील प्रात्यक्षिकांच्या तासाला ठरणार आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून भौतिकशास्त्राच्या पदवीधराजवळ किमान चार गोष्टी असाव्यात असे म्हणता येईल. पहिली, कोणताही मोजलेला आकडा त्याच्या अनिश्चिततेसह सांगण्याची सवय. दुसरी, जे दिसले तेच लिहिण्याचा आणि विसंगत नोंद न खोडण्याचा प्रामाणिकपणा. तिसरी, ज्याचे उत्तर आधी ठाऊक नाही असा लहानसा प्रश्न घेऊन त्याचे मोजमाप आखण्याची क्षमता. चौथी, हे सारे घरच्या माणसाला मराठीत आणि व्यवसायातील सहकाऱ्याला इंग्रजीत समजावून सांगण्याची ताकद. एम. एस्सी.ला न जाणाऱ्या विद्यार्थ्यालाही या चारही गोष्टी उपयोगी पडतील. पर्जन्यमापकाची नोंद, मातीपरीक्षणाचा अहवाल, वीजबिलावरील युनिट, औषधाच्या गुणाविषयीचा दावा किंवा निवडणुकीचा अंदाज यांपैकी काहीही समोर आले तरी ‘हे कसे मोजले आणि किती खात्रीने?’ असे विचारणारा माणूस गावाला हवा असतो.

यावर दोन आक्षेप संभवतात. रिक्त पदे, तासिका तत्त्वावरील अध्यापक आणि मोठ्या तुकड्या असताना हे कसे साधावे, हा पहिला. तो खराच आहे. शासनाने पदे भरली पाहिजेत, याला पर्याय नाही. परंतु दहा प्रयोग घाईने उरकण्याऐवजी सहा प्रयोग नीट करणे आणि प्रत्येक सत्रात एक तरी अज्ञात उत्तराचा प्रयोग ठेवणे हे अपुऱ्या बळातही शक्य आहे. दुसरा आक्षेप असा की, विद्यार्थ्याला नोकरी हवी आहे, तत्त्वज्ञान नव्हे. त्यावर एवढेच म्हणता येईल की, पाठ केलेल्या सिद्धतेला नोकरीच्या बाजारात आज फारसे मोल उरलेले नाही. उपकरण हाताळून विश्वासार्ह नोंद देणाऱ्या माणसाची गरज मात्र साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेपासून औंढ्याच्या वेधशाळेपर्यंत सर्वत्र आहे.

म्हणून अभ्यासमंडळांना आणि महाविद्यालयांना तीन सूचना कराव्याशा वाटतात. प्रात्यक्षिकाच्या गुणांपैकी ठळक हिस्सा मूळ नोंदवहीला असावा आणि अंतिम उत्तर पुस्तकाशी जुळले नाही म्हणून गुण कापले जाऊ नयेत. तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याला मराठीतून स्पष्टीकरण देण्याची मोकळीक असावी. प्रत्येक महाविद्यालयाने तापमान, पाऊस किंवा वायुदाब यांपैकी एखादी नोंद विद्यार्थ्यांकरवी रोज ठेवावी आणि ती पुढच्या तुकडीच्या हाती सोपवावी. कुलाब्याच्या निरीक्षकांचे आकडे दीडशे वर्षांनी उपयोगी पडले. आपल्या विद्यार्थ्यांची वही निदान पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला उपयोगी पडावी, ही अपेक्षा अवाजवी ठरू नये.